एका तारेत अनेक निरोप बसवले, पेटंट लोकांना देऊन टाकलं आणि मग कोर्टात हरला : जनरल स्क्वायरची गोष्ट

अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास एखाद्या नव्या कापड दुकानात गेलात, तर मान वर करून बघा. छताला लांब पट्टी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारे दिवे. यातल्या काही पट्ट्या अशा असतात की मोबाईलवरून एकच दिवा मंद करता येतो, शेजारचा तसाच राहतो. त्यासाठी कुणी पट्टीत हुकमाच्या दोन वेगळ्या तारा टाकतं. कुणी मात्र ज्या तारेतून वीज येते, तिच्यातूनच हुकूमही पाठवतं.

हे दुसरं प्रकरण समजून घ्यायचं तर जॉर्ज ओवेन स्क्वायर हा माणूस माहीत हवा.

स्क्वायर 1865 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ड्रायडन गावात जन्मला. 1887 मध्ये वेस्ट पॉइंटमधून लष्करात अधिकारी झाला. नोकरी सांभाळत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकला आणि 1893 मध्ये डॉक्टरेट घेतली. पुढे फिलिपाईन्समध्ये समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकल्या. 12 सप्टेंबर 1908 ला तो ऑर्व्हिल राइटच्या शेजारी बसून विमानातून नऊएक मिनिटं फिरूनही आला. पाचच दिवसांनी ते विमान कोसळलं आणि त्यात लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला. स्क्वायरचं नशीब थोर म्हणायचं.

पण खरं काम 1910 चं. तेव्हा टेलिफोनच्या तारांच्या एका जोडीवर एकाच वेळी एकच बोलणं व्हायचं. दुसरं हवं तर नवी तार ओढा, नवे खांब रोवा. स्क्वायरने वॉशिंग्टनमध्ये दोन प्रयोगशाळांच्या मधल्या तारेवर रेडिओसारख्या उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडला आणि त्याच्यावर आवाज चढवला. तारेत नेहमीचं बोलणं चालूच होतं. दोन्ही एकमेकांत मिसळले नाहीत, कारण पलीकडचं यंत्र आपापली फ्रिक्वेन्सी तेवढी उचलून घेत होतं.

3 जानेवारी 1911 ला त्याला याची चार पेटंट मिळाली. ती त्याने जनतेला अर्पण केली.

पुढे निर्वात नळ्या आल्या आणि हीच पद्धत धंद्यात उतरली. 1918 मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने बाल्टिमोर ते पिट्सबर्ग अशी सेवा सुरू केली. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या संदेशदळाचा प्रमुख झालेल्या स्क्वायरला आता वाटू लागलं की आपण दान दिलं ते सरकारला, कंपन्यांना नाही. 1920 च्या दशकात त्याने कंपनीला कोर्टात खेचलं. कोर्टाने दान सगळ्यांसाठीच धरलं आणि तो हरला. कायद्याच्या बाजूने निकाल बरोबर असेलही. पण त्या माणसाला काय वाटलं असेल!

मग त्याने विजेच्या तारांकडे मोर्चा वळवला. घराघरात वीज येतेच आहे, तर तिच्यावरूनच गाणी आणि बातम्या का पाठवू नयेत? 1922 मध्ये नॉर्थ अमेरिकन या वीज कंपनीने त्याची ही कल्पना हाती घेतली. पण रेडिओ स्वस्त होत गेला आणि घरातलं गिऱ्हाईक तिकडे वळलं. 1934 मध्ये या उद्योगाला म्यूझॅक हे नाव मिळालं. हॉटेलांत आणि दुकानांत मागे हळू वाजत राहणाऱ्या संगीतासाठी ते पुढे जगभर गाजलं. स्क्वायर त्याच वर्षी मार्चमध्ये वारला.

विजेच्या तारेवरून निरोप पाठवण्याचं काम मात्र वीज कंपन्यांनी स्वतःसाठी उचललं. अकोला जिल्ह्यातल्या पारससारख्या औष्णिक केंद्रातून उच्च दाबाच्या ज्या वाहिन्या निघतात, तशा वाहिन्यांवर वर्षानुवर्षं उपकेंद्रांचं आपसातलं बोलणं आणि बिघाड झाल्यावर लाईन तोडण्याचे इशारे गेले आहेत. उपकेंद्रात तारेच्या टोकाशी ढोलासारखं मोठं वेटोळं दिसतं, त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ते 50 हर्ट्झची वीज सरळ जाऊ देतं आणि निरोपाची हजारो हर्ट्झची फ्रिक्वेन्सी अडवून धरतं, म्हणजे निरोप भलतीकडे न जाता यंत्रात उतरतो. छतावरच्या त्या पट्टीत हीच निवड प्रत्येक दिव्यातली छोटीशी चिप करते.