हिऱ्याची परीक्षा घेणारा वैद्य

आपल्या पनवेलच्या खाडीपलीकडचे मुंबई बेट सोळाव्या शतकात एका वैद्याकडे खंडाने होते. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. पोर्तुगालमधील, ख्रिस्ती व्हावे लागलेल्या ज्यू घराण्यातला हा विद्वान १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात वनौषधींबरोबर हिरे, माणके व मोती यांचीही चर्चा आहे. हिरा घणाने फुटत नाही, बोकडाच्या रक्ताने मात्र मऊ पडतो, पोटात गेल्यास विष ठरतो, या समजुती तेव्हा ग्रंथमान्य होत्या. ऑर्ताने त्या अनुभवाच्या आधारे खोट्या ठरविल्या. हिरा अतिशय कठीण खरा, पण हातोडीने सहज फुटतो. म्हणूनच आजचा रत्नपारखी हातोडी नव्हे, भिंग हाती घेतो. आणि प्रयोगशाळेत घडविलेला हिरा भिंगालाही फसवतो, तेव्हा वर्णपट तपासतो.

१५६८ साली ऑर्ता वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० साली त्याच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या. रत्नांचे खरे रूप निर्भयपणे सांगणाऱ्या या माणसाला स्वतःचे खरे रूप मात्र जन्मभर झाकून ठेवावे लागले.