हाइम यांची माघार

भूगोलाच्या पुस्तकात वली पर्वत वाचताना मला आल्बेर्ट हाइम भेटले. जन्म १८४९, झुरिक. चोविसाव्या वर्षी प्राध्यापक. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस भागात २५ ते ३० कोटी वर्षांचा खडक वर, आणि साडेतीन ते पाच कोटी वर्षांचा त्याच्याखाली! गुरू एशर यांच्या मताला धरून हाइम यांनी तेथे समोरासमोर कलंडलेल्या दोन प्रचंड वळ्या मानल्या. १८८४ मध्ये बेर्त्रां या फ्रेंच संशोधकाने, तो डोंगर न पाहताच, वेगळे सांगितले : आडव्या दाबाने एकच थर दक्षिणेकडून कित्येक किलोमीटर सरकत आला आहे. हाइम वर्षानुवर्षे अडून बसले. मला तर त्यांचा रागच आला. पण विसाव्या शतकाच्या आरंभी, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी जाहीर माघार घेतली. आमच्या घरी वडीलधाऱ्यांनी शब्द फिरवलेला मी अजून पाहिलेला नाही!

खूप खोलवर दगडही मऊ पडतो व दाब सर्व बाजूंनी सारखा होतो, हे त्यांचे १८७८ चे म्हणणे मात्र बोगदे खोदणारे अजून विचारात घेतात. हाइम १९३७ मध्ये वारले. आल्प्समधील दाबही कायम राहिलेला नाही. वॅलेच्या उंच भागात आता कवच ताणले जाते आणि भूकंपात प्रस्तरभंगाची वरची बाजू खाली घसरते.