विश्लेषण : टेलिफोनच्या जनकाचे ‘गोळीशोधक’ यंत्र अध्यक्षांना का वाचवू शकले नाही?

अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटले की टेलिफोन आठवतो. मात्र शल्यचिकित्सकांसाठी त्यांनी बॅटरीवर चालणारे एक उपकरणही तयार केले होते.

बेल या कामाकडे कसे वळले?

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. आईला कमी ऐकू येई. दोन्ही भाऊ क्षयाने दगावल्यावर कुटुंब १८७० मध्ये कॅनडाला गेले. पुढे बोस्टनमध्ये बेल कर्णबधिरांना शिकवू लागले. १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले, तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली. एक्स-रेचा शोध १४ वर्षे दूर होता. डॉक्टर न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपत होते. हे वाचून बेल यांनी मदत देऊ केली.

यंत्र कसे चालायचे?

तारेची वेटोळी, बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर एवढाच हा संच. वेटोळ्यांतील प्रवाहाचा तोल साधला की रिसीव्हर शांत राही. जवळ धातू आला की तोल ढळे आणि कानात गुणगुण ऐकू येई. आजच्या मेटल डिटेक्टरचे हे पूर्वरूपच. यादवी युद्धातील गोळ्या अंगात असलेल्या माजी सैनिकांवर चाचण्याही झाल्या.

मग गोळी का सापडली नाही?

२६ जुलैच्या पहिल्या प्रयत्नात जोडणी चुकली. १ ऑगस्टला आवाज आला, पण तो मोठ्या भागावर पसरलेला होता. गादीखाली पोलादी तारा असल्याचे नंतर कळले. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. गोळी उजवीकडेच आहे, असे मुख्य डॉक्टर विलार्ड ब्लिस यांचे ठाम मत होते. त्यामुळे शोध उजव्या बाजूपुरताच राहिला. ७९ दिवसांच्या झुंजीनंतर १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे आढळली. मृत्यूला मुख्यतः जंतुसंसर्ग कारणीभूत ठरला, असे आज मानले जाते.

बेल यांनी पुढे काय केले?

त्याच १५ ऑगस्टला बेल यांचा अकाली जन्मलेला मुलगा श्वास घेता न आल्याने काही तासांत दगावला. त्यानंतर त्यांनी कृत्रिम श्वासासाठी धातूचे जाकीट बनवले. गोळीशोधकाचे कामही सोडले नाही. टेलिफोनला जोडलेली सुई गोळीला टेकताच ‘टक’ असा आवाज येई. ही सुई शल्यचिकित्सकांनी स्वीकारली आणि एक्स-रे सर्वत्र पोहोचेपर्यंत ती युद्धभूमीवर कामी आली. १८८६ मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने बेल यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात त्यांचे निधन झाले.

आज अस्थिशल्यचिकित्सकांच्या हाती बॅटरीवरचे ड्रिल आणि करवती आहेत. पण उपकरण कुठे फिरवायचे, हा निर्णय आजही डॉक्टरांचाच असतो.