चौदा बरण्या जेली

मैत्रिणींनो, रेडियमवाल्या मादाम क्युरी आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण १८९८ साली, रेडियम सापडलं त्याच वर्षी, त्यांनी घरी जेलीही केली होती. आपण पेरूची करतो ना, तशी. आठ पौंड गूसबेरी, तेवढीच साखर, आणि बरण्या भरल्या चौदा! स्वयंपाकाच्या पुस्तकाच्या समासात सगळं लिहून ठेवलं. थोरल्या इरेनला कितवा दात आला, ते मात्र वहीत.

१९०६ च्या एप्रिलमध्ये पती पिएर पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेले. इरेन आठ वर्षांची, एव्ह जेमतेम दीड. पुढे मुलींसमोर बाई वडिलांचा विषयच काढत नसत. मला हे जरा खटकतं. आपल्याकडेही किती घरांत असंच होतं! पण मुलींना मोकळी हवा मिळावी म्हणून त्या सो या गावी बागेच्या घरात राहायला गेल्या. स्वतः मात्र कामासाठी रोज रेल्वेने पॅरिसला. बागेत दोघींना आपापला वाफा. आडव्या दांड्याला झोका, कड्या, चढायला दोर. अभ्यास झाला की ऊन असो, पाऊस असो, बाहेर पडायचं. शिवण, स्वयंपाकही शिकायचा.

आणि घरात होते सासरे, डॉक्टर युजीन क्युरी. म्हाताऱ्याने तरुण मुलगा गमावलेला, पण नातीला झाडंपानं ओळखायला शिकवली ती त्यांनीच. १९१० मध्ये तेही गेले. धाकट्या एव्हने १९३७ साली आईचं चरित्र लिहिलं, त्यात ही बाग आहे, दोर आहे, कड्याही आहेत.