फीपलीकडचा खर्च ओळखणाऱ्या रमाबाई

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे म्हटले की यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव आठवते. त्यांच्या जन्माच्या अर्धशतक आधी, १८६२ मध्ये, याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कुर्लेकरांची ही यमुना म्हणजेच रमाबाई रानडे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी आणि एका गाजलेल्या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून त्या सर्वांना माहीत आहेत. पांढरपेशा घरांतील मुलींना नर्सिंगची वाट मोकळी करून देण्यात त्यांचा केवढा वाटा होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे एकतीस वर्षांचे आणि विधुर होते. यमुनेला तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः तिला शिकवायला सुरुवात केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, टाकून बोलणे हे सगळे सोसत रमाबाई मराठी शिकल्या, मग इंग्रजीही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी मागणी गव्हर्नरांपुढे मांडायची होती. ते इंग्रजी निवेदन भरसभेत रमाबाईंनी वाचले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली. बाहेर कौतुक झाले आणि घरी आल्यावर बोलणी खावी लागली. बाईने शिकायचे ठरवले तर पैशाखेरीज आणखी काय मोजावे लागते, हा हिशेब त्यांना असा अनुभवातून कळला होता.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले. रमाबाई चाळिशीच्या आतच विधवा झाल्या. काही काळ घराबाहेर पडल्याच नाहीत. पुढे त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना आणि दवाखान्यांतील रुग्णांना भेटू लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचे सेवासदन उभे राहिले, तेही रानड्यांच्याच वाड्यात. लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम यांच्या जोडीला तिथे रुग्णसेवेचे शिक्षणही आले.

रुग्णसेवेची निवड विचारपूर्वक होती. प्रसूतीनंतर बाळंतिणी तापाने दगावत. हा सूतिकाज्वर अनेकदा अस्वच्छ हातांतून आणि अवजारांतून पसरतो, हे वैद्यकाला एव्हाना कळले होते. पण डॉक्टरला कळून पुरत नाही. हात धुणे, अवजारे उकळणे, जखम निर्जंतुक पट्टीने बांधणे, दर काही तासांनी ताप आणि नाडी पाहून नोंद ठेवणे, ही कामे चोवीस तास करणारी शिकलेली माणसे लागतात. त्यातच अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला तयार नसत. शिकलेली परिचारिका किंवा सुईण नसेल, तर त्यांना औषधोपचार मिळतच नसे.

शिक्षणाची सोय अगदीच नव्हती असे नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात १८९७ पासून नर्सिंगचे शिक्षण दिले जात होते. पुण्यात ससून रुग्णालय होते. पण सवर्ण हिंदू घरांतून मुली फारशा पुढे येत नव्हत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र उचलायचे, रात्रपाळी करायची, हे कुलीन घराला बट्टा लावणारे काम समजले जाई. तरुण विधवेपुढे मात्र दुसरे मार्ग तरी कोणते होते? दिराच्या घरी राबायचे, नाहीतर कुणाकडे स्वयंपाकाला जायचे. स्वतःची कमाई आणि मान या दोन्ही गोष्टी तिच्या वाट्याला क्वचितच येत.

ही बाई नर्स व्हायला निघाली, तर तिचे कुठे कुठे अडते, हे रमाबाई आणि देवधर यांनी ओळखले. वर्गाची फी हा त्यातला एक भाग होता, आणि बहुधा सर्वांत लहान. शिकत असताना राहायचे कुठे? जेवायचे काय? शिकण्याच्या काळात मिळकत नाही, तर भागवायचे कसे? आधी लिहायला-वाचायला कोण शिकवणार? आणि रात्रपाळी करून परतणाऱ्या बाईकडे बोट दाखवले गेले, तर तिच्या पाठीशी उभे कोण राहणार?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली, तेव्हाही विद्यार्थिनींना राहणे-जेवणे आणि थोडे वेतन देण्यात आले होते. गरजू स्त्रीला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, हे तिथेही उमगले होते. पुण्यात सेवासदनने ससूनमध्ये शिकणाऱ्या हिंदू स्त्रियांसाठी वसतिगृहाची व्यवस्था केली. घरच्यांना चालेल असे जेवण आणि वडीलधाऱ्या बाईची देखरेख असल्याने माहेर-सासरच्या हरकती कमी होत. लिहिण्या-वाचण्याची तयारी सेवासदनच्या वर्गांत होई. पैशाची तजवीज देणग्यांतून करावी लागे. शिक्षण मात्र खऱ्या वॉर्डात, अनुभवी नर्सच्या हाताखाली होत असे.

उरला तो मानाचा प्रश्न. सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग सांगितला जातो. केस राखलेली एक तरुण विधवा, अंगावर आलवण, डोक्यावरून पदर, अशी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी गलका करून तिची टर उडवली. समारोपाला रमाबाई उठल्या. एरवी शांत असणाऱ्या रमाबाईंचा राग त्या दिवशी आवरला नाही. विद्यापीठात शिकणारी मुले एका असहाय बाईला हसतात, मग त्यांना सुशिक्षित तरी का म्हणायचे, असा जाब त्यांनी विचारला. तिच्या जागी आपली बहीण असती तर काय केले असते, हेही विचारले. सभा गप्प झाली. विद्यार्थिनींच्या बदनामीचा भार संस्थेच्या अध्यक्षांनी असा स्वतःच्या अंगावर घेतला.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत सेवासदनच्या हाताखालून गेलेल्या शिक्षिका आणि परिचारिका स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या होत्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले.

आज सातारा-सांगलीतील मुलीला नर्स होण्यासाठी समाजाशी तेवढे भांडावे लागत नाही. हिशेब मात्र तितकाच बारकाईने करावा लागतो. जीएनएम तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमातून पदवी घेता येते. आधी कमवायला लागून मग पदवी मिळवण्याची ही वाट अनेक घरांना परवडते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. खासगी अभिमत विद्यापीठे या सवलतीत येत नाहीत, त्यामुळे महाविद्यालय कोणत्या प्रकारचे आहे हे अर्ज भरण्याआधी पाहायला हवे.

वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास हा खर्च शुल्कमाफीनंतरही उरतोच. प्रवेश घेताना त्याचा लेखी तपशील मागावा. शिकण्यासाठी मिळणाऱ्या रुग्णालयात खाटा किती आणि रुग्ण किती, इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते का, कोर्स संपल्यावर सेवेचा करार करावा लागतो का, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जातात का, हेही विचारावे. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता तपासावी. पहिली नोकरी निवडताना केवळ पगाराचा आकडा पाहू नये. सुरुवातीचे काही महिने अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काम मिळते, की पहिल्याच रात्री अख्खा वॉर्ड एकटीवर सोपवला जातो, यावर नव्या नर्सचा आत्मविश्वास आणि रुग्णाची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात. सेवासदनच्या मुलींमागे हे प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई होत्या. आता ते घरच्यांनी विचारायचे आहेत, आणि मुलीने स्वतःही.