दोन शक्तींची मोटार घडविणारे फर्डिनांड पोर्शे

पेट्रोलची बचत करणारी 'हायब्रिड' मोटार रस्त्यावर दिसली की ती अगदी नव्या युगाची वस्तू आहे असे आपणांस वाटते. परंतु तिची मूळ कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीच एका तरुण कारागिराने प्रत्यक्षात उतरविली होती. त्यांचे नाव फर्डिनांड पोर्शे.

बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी ३ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांचा जन्म झाला. हे गाव त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे काम करीत. मुलानेही तोच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. पण फर्डिनांड यांना ओढ होती ती विजेची. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम आणि रात्री तंत्रशाळेत अभ्यास असा क्रम त्यांनी चालविला. १८९३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते व्हिएन्ना येथे विद्युतयंत्रांच्या कारखान्यात लागले. पुढे लोनर या गाड्या बनविणाऱ्या कारखान्यात त्यांना आपली बुद्धी दाखविण्याची संधी मिळाली.

त्यांनी विजेची मोटर थेट चाकाच्या तुंब्यातच बसविली. त्यामुळे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारे दंतचक्रांचे व साखळ्यांचे लटांबर नाहीसे झाले. ही विजेची गाडी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यात एक मोठी उणीव मात्र होती. शिशाच्या बॅटऱ्या फार जड होत्या आणि त्यांतील वीज थोड्याच अंतरात संपे.

यावर पोर्शे यांनी उपाय शोधला. गाडीत त्यांनी दोन लहान पेट्रोल इंजिने बसविली. ती चाके फिरवीत नसत. ती जनित्र फिरवून वीज निर्माण करीत आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी चालत. बॅटरी लहान पुरे झाली आणि पल्ला वाढला. या गाडीस 'सेम्पर व्हिवस', म्हणजे 'सदैव जिवंत', असे नाव मिळाले. तथापि ही रचना महाग व गुंतागुंतीची होती. साध्या पेट्रोल मोटारी स्वस्त होत गेल्या आणि ही कल्पना मागे पडली.

पुढे पोर्शे यांची कीर्ती वाढली. १९३१ साली त्यांनी स्टुटगार्ट येथे स्वतःचे आराखडा-कार्यालय काढले. सामान्य कुटुंबास परवडेल अशी लहान मोटार बनवावी ही त्यांची आकांक्षा होती. तीतूनच 'फोक्सवॅगन' जन्मास आली. पण या कार्यासाठी त्यांनी हिटलरच्या राजवटीचा हात धरला आणि १९३७ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले. महायुद्धात त्यांनी रणगाड्यांचे आराखडे केले. ज्या कारखान्याचे ते एक प्रमुख होते, तेथे हजारो कैद्यांना सक्तीने राबविण्यात आले. युद्धानंतर फ्रान्सने त्यांना तुरुंगात ठेवले. १९४७ साली त्यांची सुटका झाली व ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची मागे पडलेली कल्पना मात्र मेली नाही. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची 'प्रियस' विक्रीस आली आणि दोन शक्तींची मोटार घरोघरी पोहोचू लागली. गर्दीच्या रस्त्यावर पुनःपुन्हा थांबावे लागते, तेथे पेट्रोल इंजिन इंधन वाया घालविते. अशा वेळी ही गाडी विजेवर चालते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्तीही वीज होऊन बॅटरीत परत येते. रोज कामावर जाणाऱ्यास म्हणूनच ती सोयीची ठरते. या मोटरींची वेटोळी तांब्याच्या तारेची असतात, आणि तांब्याची मोठी खाण आपल्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे आहे!

विद्यार्थिमित्रांनो, पोर्शे यांच्या चरित्रातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. रात्रशाळेत शिकणारा कारागीरही जगाला नवी दिशा देऊ शकतो, ही पहिली. आपली विद्या आपण कोणाच्या सेवेस लावतो याचा जाब प्रत्येकास द्यावा लागतो, ही दुसरी. आणि ती पहिलीहून अधिक मोलाची आहे.