विमेदारांच्या पैशाचा हिशेब मागणारा खासदार

संसद ही केवळ कायदे संमत करण्याची जागा नव्हे. सरकार कोणत्या उद्योगपतीला परवाना देते, कोणाला कर्ज देते, कोणाच्या बुडत्या कंपनीला जनतेच्या पैशाचा टेकू देते, याचा जाब विचारण्याची ती जागा आहे. ज्या दिवशी खासदार हा जाब विचारणे थांबवतो, त्या दिवसापासून त्याचे पद केवळ भत्ता घेण्यापुरते उरते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात हे काम ज्याने सर्वात निर्भीडपणे केले, तो विरोधी पक्षाचा नेता नव्हता. तो सत्ताधारी काँग्रेसचा खासदार होता आणि पंतप्रधानांचा जावईही होता. त्याचे नाव फिरोज गांधी.

आज फिरोज गांधी हे नाव निघाले की लोक नात्यागोत्याचीच चर्चा करतात. नेहरूंचे जावई, इंदिरा गांधींचे पती, राजीव व संजय यांचे वडील, एवढ्यावर त्यांची ओळख संपते. आडनावावरून महात्मा गांधींशी नाते जोडणारेही कमी नाहीत. वास्तविक ते मुंबईच्या पारशी कुटुंबातले. १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील जहाजांवरील यंत्रांचे अभियंता होते. वडिलांच्या निधनानंतर लहानग्या फिरोजला अलाहाबादला मावशीकडे नेण्यात आले. या मावशी डॉ. शिरीन कमिसारियट तेथील स्त्रियांच्या इस्पितळात शल्यविशारद होत्या. १९३० साली कॉलेजचे शिक्षण सोडून फिरोज स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. मार्च १९४२ मध्ये इंदिरा नेहरूंशी विवाह झाला आणि त्याच वर्षी 'चले जाव' आंदोलनात दोघांनाही अटक झाली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी लखनौच्या 'नॅशनल हेरल्ड' या दैनिकाचा कारभार पाहिला. १९५२ साली रायबरेली भागातून ते लोकसभेवर निवडून आले.

पहिली काही वर्षे ते सभागृहात फारसे बोलले नाहीत. ते वाचत होते. कंपन्यांचे ताळेबंद, शेअर बाजाराचे भाव, सरकारी अहवाल यांचा ढीग उपसत होते. त्यांनी पहिला मोठा घाव घातला तो डिसेंबर १९५५ मध्ये, खासगी विमा कंपन्यांवर.

त्या काळी आयुर्विम्याचा धंदा खासगी कंपन्यांच्या हाती होता. शिक्षक, कारकून, रेल्वेचा नोकर पोटाला चिमटा काढून हप्ता भरत असे. आपल्या मागे बायकापोरांचे हाल होऊ नयेत, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु अनेक विमा कंपन्या मोठ्या भांडवलदारांच्या ताब्यात होत्या. विमेदारांचा पैसा ते आपल्याच दुसऱ्या कंपन्यांत फिरवत, त्यावर सट्टा खेळत. पैसा बुडाला तर बुडणार होता तो विमेदाराचा. फिरोज गांधींनी रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यातील भारत इन्शुरन्स कंपनीचे व्यवहार आकड्यांसह लोकसभेपुढे मांडले. दालमिया त्या काळचे देशातील बड्या उद्योगपतींपैकी एक. त्यांना पुढे तुरुंगाची हवा खावी लागली.

त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने आयुर्विम्याचा धंदा वटहुकुमाने ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते महाराष्ट्राचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख. देशी, विदेशी कंपन्या आणि लहान विमा संस्था मिळून २४५ विमा संस्था एकत्र झाल्या. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवली पाहिजे. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या कमाईच्या प्रमाणात विमा उतरवलाच पाहिजे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात लेखी मांडली होती. ती संविधानात उतरली नाही. परंतु नऊ वर्षांनी परिस्थितीच्या रेट्याने सरकारला निदान त्यातल्या एका भागापर्यंत यावे लागले.

राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे प्रश्न मिटला असे मानणारे पुष्कळ होते. फिरोज गांधी त्यांतले नव्हते. खासगी मालकाच्या जागी सरकार आले, तरी पैसा विमेदाराचाच राहतो आणि त्यावर पहारा ठेवावाच लागतो, हे त्यांनी ओळखले होते. महामंडळाला एक वर्षही पुरे होण्याआधी याचा पुरावा मिळाला.

हरिदास मुंदडा हा कलकत्त्याचा सट्टेबाज उद्योगपती. त्याने भराभर कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या आणि तो कर्जात बुडत चालला होता. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने त्याच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर विकत घेतले. हे शेअर बाजारातून घेतले नाहीत, थेट मुंदडाकडून घेतले. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण व्यवहार होण्यापूर्वी तिला विचारलेही गेले नाही. आठ आण्यांच्या खरेदीलाही गरिबाला दहा दुकाने फिरावी लागतात. येथे कोट्यवधींचा सौदा काही दिवसांत उरकला.

सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत याविषयी पहिला प्रश्न आला. सरकारने मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न आले. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी शेअरचे भाव, तारखा, कंपन्यांची अवस्था असा एकेक तपशील सभागृहापुढे ठेवला. संसदेने जन्माला घातलेल्या महामंडळाचा पैसा कोठे जातो, हे पाहण्याचा अधिकार संसदेला आहे, हा त्यांचा मुद्दा होता. समोर मंत्र्यांच्या बाकावर त्यांचेच सासरे बसले होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी हे पंतप्रधानांच्या विश्वासातले. सरकार स्वतःच्याच पक्षाचे. तरीही हा गृहस्थ डगमगला नाही.

सरकारला चौकशी नेमणे भाग पडले. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत झाली, तीही उघड दारांनी. लोकांची एवढी गर्दी उसळली की ध्वनिक्षेपक लावावे लागले. देशाचा अर्थमंत्री आणि त्याच्या खात्याचे सचिव एच. एम. पटेल जनतेच्या समोर उत्तरे देत आहेत, हे दृश्य लोकांनी प्रथमच पाहिले. मंत्री म्हणत, या व्यवहाराला माझी संमती नव्हती. सचिव म्हणत, मंत्र्यांना कल्पना होती. छागला यांनी महिन्याभरातच अहवाल दिला. सचिवाने केलेल्या कृत्याची संविधानिक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मुंदडालाही पुढे शिक्षा झाली. प्रश्न विचारल्यापासून मंत्री पायउतार होईपर्यंत सहा महिनेही लागले नाहीत!

येथे कोणी म्हणेल, हे सारे व्यक्तिगत वैर असावे. तसे नव्हते. टेल्को कंपनी सरकारला रेल्वे इंजिने पुरवत होती आणि त्यासाठी परदेशी इंजिनांपेक्षा जादा दर घेत होती. टेल्को टाटांची, टाटा पारशी आणि फिरोज गांधीही पारशी. परंतु जातभाई म्हणून त्यांनी डोळेझाक केली नाही. सरकारी आश्रयावर वाढलेली ही कंपनी सरकारने ताब्यात घ्यावी, अशी मागणी त्यांनी केली. आपल्या जातीचा म्हणून पाठीशी घालायचे आणि दुसऱ्याचा म्हणून झोडपायचे, हा ज्या देशातील राजकारणाचा नेहमीचा धर्म, तेथे ही गोष्ट लहान नाही.

त्यांचे आणखी एक काम लोक विसरले आहेत. खासदाराला सभागृहात बोलण्याचे संरक्षण होते, पण त्याचे भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्राला तसे संरक्षण नव्हते. उद्योगपती संपादकाला कोर्टात खेचू शकत होता. मग सभागृहात विचारलेला प्रश्न जनतेपर्यंत पोहोचणार कसा? फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणले आणि १९५६ साली ते कायदा झाले. संसदेच्या कामकाजाचे खरे वृत्त सद्हेतूने छापणाऱ्यास त्याने संरक्षण मिळाले. दैवाचा खेळ असा की आणीबाणीत हाच कायदा रद्द केला गेला आणि तो रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे होते. १९७७ साली जनता सरकारने तो पुन्हा आणला आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण संविधानातच दाखल झाले.

८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

आज त्यांची आठवण कशासाठी? आयुर्विमा महामंडळ आजही कोट्यवधी सामान्य माणसांच्या हप्त्यांवर उभे आहे. २०२३ साली अदानी समूहात महामंडळाने केलेल्या गुंतवणुकीवरून संसदेत गदारोळ झाला. विरोधकांनी संयुक्त संसदीय समितीची मागणी केली. ती समिती काही नेमली गेली नाही. त्या गुंतवणुकीत नफा झाला की तोटा, हा वेगळा मुद्दा. जनतेच्या पैशाविषयी प्रश्न आला तर त्याचे उत्तर उघडपणे मिळाले पाहिजे, हा मूळ मुद्दा आहे. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर साथीचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला होता.

पक्षांतरबंदीच्या कायद्याने खासदाराचे मत पक्षादेशाला बांधले गेले हे खरे. परंतु प्रश्न विचारण्यास त्या कायद्याने बंदी केलेली नाही. तोंड बंद आहे ते कायद्यामुळे नव्हे, तिकिटाच्या भीतीमुळे. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आपल्या प्रतिनिधींनीही हे स्वतःला विचारावे. मागासवर्गीयांच्या विकासासाठीचा निधी दुसरीकडे वळवला जातो तेव्हा, उद्योगपतीला सवलतीत जमीन मिळते तेव्हा, आपल्यापैकी किती जण कागद हाती घेऊन उभे राहतात? पंतप्रधानांच्या घरचा माणूस उभा राहू शकला. मग आपल्या लोकांच्या मतांवर गेलेल्यांनी बसून का राहावे?